अण्णांना ऐकवायचा आवाज

अण्णा आधी मोटरचं ऐकायचे, मग माणसाचं. कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याला लागूनच त्यांचं वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीतली, बोअरमधली मोटर बिघडली की शेतकरी ती टेम्पोत टाकून आणायचा आणि खाली उतरायच्या आतच सुरू व्हायचा, "अण्णा, उसाचं पानी तुटलंय, आजच पायजे!" अण्णा नुसता हात वर करायचे. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. मग लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक मोटरला लावायचे, मूठ कानामागच्या हाडावर टेकवायचे, मोटर सुरू करायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ दुकानात कुणी खोकायचंसुद्धा नाही. डोळे उघडले की निकाल यायचा, "खालचं बेरिंग गेलंय. वायंडिंगला काय झालं न्हाई. जळाली जळाली म्हनून बोंबलू नको." उघडून बघावं तर खालचं बेरिंगच गेलेलं असायचं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी श्रीरामपूरची, मास्तरांच्या घरातली. पुण्यात एका संस्थेत ताऱ्यांवर संशोधन करते. सुहासशी लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी मला बजावलं होतं की सासरच्यांना तुझं काम कधी कळायचं नाही, तेव्हा समजवायच्या भानगडीत पडू नकोस. मैत्रिणी बाकी बाबतीत शहाण्या आहेत. इथं मात्र त्या साफ चुकल्या. माझं काम ज्यांना पहिल्या भेटीत कळलं अशी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजेन, आणि त्यातलं पहिलं बोट अण्णांचं.

त्या पहिल्या भेटीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. तारे म्हटल्यावर एका चुलत सासूबाईंनी लगेच हात पुढे केला आणि गुडघेदुखी कधी जाईल ते विचारलं. अण्णा कोपऱ्यात चहाचा कप धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुटले तारे, पोरी?" मी म्हटलं, विझलेले. आपल्या सूर्याहूनही जड, पण इतके आवळलेले की एकेकाची रुंदी साधारण कोल्हार ते राहाता एवढीच. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एकमेकांवर आदळतात. त्या वेळी सगळं अवकाशच थरथरतं, आणि तो थरथराट, म्हणजे गुरुत्वीय लहरी, कितीतरी काळानं आपल्यापर्यंत पोचतो. तो कसा असेल याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते.

"फिरत्यात म्हंजी रोटरच की," अण्णा म्हणाले. "चुंबक हाय का त्येन्ला?"

"आहे ना. पृथ्वीवर कुणी केलं नसेल एवढं जबरदस्त."

"मग गनितात घातलं का?"

मी म्हटलं, नाही. ते फार अवघड असतं, आणि तारे एकमेकांना चिकटेपर्यंत लहरींमध्ये चुंबकामुळे तसा काही फरक पडत नाही.

"आन चिकाटल्यावर?"

हा प्रश्न माझ्या मार्गदर्शकांनी मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला विचारला होता. अण्णांना त्यासाठी कपातला चहासुद्धा संपवावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला दुकानात घेऊन गेले. नवी सून दुकानात आली म्हणून रस्त्यावरचे लोक डोकावत होते, त्यांच्याकडे अण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांनी जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती काढली, बोटानं गरकन फिरवली आणि तिच्या कडेजवळ एक चुंबक धरलं. चकतीला ते लागलंही नाही, तरी ती मंदावत मंदावत थांबली. "हात न लावता थांबिवतंय बग," ते म्हणाले. "तुजा तारा बी आसाच थांबनार. त्येला सोडून गनित कसं करतीस तू?"

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. दोन ताऱ्यांचा मिळून एक तारा होतो तेव्हा तो एवढा जड असतो की जागच्या जागी कोसळायला हवा, पण गरगर फिरत असतो म्हणून काही काळ तग धरतो. त्याचा आतला भाग जोरात फिरतो आणि बाहेरचा सावकाश. त्यामुळे चुंबकाच्या रेषा बॉबिनवर तार गुंडाळावी तशा गुंडाळल्या जातात आणि चुंबक वाढत जातं. तेच मग आतल्या भागाला लगाम घालतं. फिरणं मंदावलं की तारा स्वतःच्याच भारानं आत कोसळतो, त्याचं कृष्णविवर होतं आणि त्याचा आवाज बंद पडतो. रेषा गुंडाळण्याच्या या प्रकाराला आमच्यातही वायंडिंगच म्हणतात, हे मी सांगितलं आणि अण्णा एवढे खूश झाले की शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून त्यांनी ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

तेव्हापासून फोनवर ते 'कशी हायेस' असं विचारीनात. "चुंबक घातलं का?" हाच त्यांचा रामराम. सुहास चिडवायचा, की माझ्या बापाला मुलापेक्षा ताऱ्यांची काळजी जास्त. मी दर वेळी काहीतरी कारण सांगायची. कारण खरंच होतं. दोन तारे घासले जातात तिथं लहान लहान भोवरे उठतात आणि चुंबकाची सगळी वाढ त्या भोवऱ्यांत असते. भोवरे टिपायचे तर गणिताची जाळी अतिशय बारीक विणावी लागते, आणि मग मोठ्यातला मोठा कॉम्प्युटरही महिनोन् महिने चालतो आणि मध्येच मान टाकतो. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आसू दे. बारीक तारेचं काम येळ घेतंच."

वेळेच्या बाबतीत त्यांच्याइतका निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही. मोटरमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे असतात, एक वेढा चुकला तर सगळं मुसळ केरात. वेढे भरताना ते पुटपुटत मोजायचे, आणि मध्ये कुणाशीही बोलायचे नाहीत. एकदा ग्रामपंचायतीचा उमेदवार मत मागायला आला. दहा-बारा माणसं, गळ्यात हार, हात जोडलेले. अण्णांनी "एकाहत्तर" म्हटलं आणि पुढं मोजत राहिले. उमेदवार ब्याण्णवपर्यंत तसाच हात जोडून उभा. मग तारेला गाठ मारून अण्णा म्हणाले, "हां, बोला सायेब." तो नंतर निवडून आला आणि त्याची मोटर जळाली तेव्हा अण्णांकडेच घेऊन आला, ही गोष्ट ते फार चवीनं सांगायचे.

दुकानामागं त्यांनी सिमेंटचा हौद बांधला होता. दुरुस्त केलेली प्रत्येक मोटर त्या हौदात सोडून, पाण्याचा भार देऊन अर्धा तास चालवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. गिऱ्हाईक घाई करायचं, दुकानातच चालवून दाखवली की, आता द्या, म्हणायचं. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "कोरडी मोटर कुनाचीबी चालती." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकून हसायची. माझ्या कामाला ते लागू पडेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली त्या उन्हाळ्यात अण्णांनी एक मोटर चुकीची सांगितली. वायंडिंग गेलंय म्हणाले आणि निघालं बेरिंग. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाची नस वाळत चालली आहे. मशीन लावा, थोडे दिवस उपयोग होईल. वर्षभरात बहुतेक काहीच ऐकू येणार नाही.

आम्ही कोल्हारला गेलो तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोर दुरुस्तीच्या तीन मोटरी तशाच पडलेल्या. मी शेजारी बसले. त्यांनी चुंबकाचंसुद्धा विचारलं नाही. मग म्हणाले, "पोरी, धंद्याचं काय न्हाई. झालं आता वय. पन एक ऱ्हायलंय. तू म्हनती त्या ताऱ्याचा आवाज मला ऐकिव. दोनाचा एक झाल्यावर त्यो किती येळ वाजतो, आन कसा बंद पडतो. चुंबक घातल्यालाच पायजे, तसला न्हाई. कान हायेत तवर आन."

आकाशातून तो शेवटचा आवाज अजून कुठल्याच यंत्रानं टिपलेला नाही. तो असतो, पण आपल्या यंत्रांना पकडता येत नाही. तो आहे तो फक्त आमच्या गणितात. गणितातल्या लहरी वीसपट सावकाश करून स्पीकरवर वाजवल्या तर मोटरच्या घरघरीसारखा सूर ऐकू येतो. मी अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "गणपतीच्या आत ऐकवते." हे मी कुठल्या हिशेबानं म्हटलं, देव जाणे.

पुण्याला आल्यावर मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. श्रावणापर्यंत दोनदा गणित मध्येच कोसळलं. दोन्ही वेळा अगदी तारे चिकटल्यावर, चुंबक वाढायला लागलं की. तिसऱ्यांदा सुरू करायचं तर मोठ्या कॉम्प्युटरच्या रांगेत नंबर लागायला हवा होता. गणपती आले. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला की अण्णांचा डावा कान पूर्ण गेला, उजव्याला मशीन लावूनही जोरात बोलावं लागतं. मी घाबरले. आणि नको ते करून बसले. माझ्याकडे जुनं गणित होतं, चुंबक न घातलेलं, म्हणजे कोरडंच. त्याचा आवाज केला, मोबाईलवर पाठवला आणि फोन करून ओरडून सांगितलं, "अण्णा, पाठवलाय बघा! चुंबकासकट!"

मी स्वतःची समजूत घातली होती. ऐकणाऱ्याला फरक काय कळणार? दोन्हीकडे घरघरच. म्हाताऱ्या माणसाचा आनंद महत्त्वाचा. खोटं बोलायचं ठरवलं की माणसाला किती दयाळू कारणं सुचतात!

संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुकानात येईल त्याला त्यांनी तो आवाज ऐकवला होता. टायरवाला, चहावाला, एसटीचा कंडक्टर, कुणाला म्हणून सोडलं नाही. "छान हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "लई येळ वाजतंय की गं." मी म्हटलं, "हो ना!" आणि विषय बदलला. माझा आवाज मोठा होता, घाईचा होता. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर फोनवर त्यांनी चुंबकाचं नावही कधी काढलं नाही, आणि मला वाटलं, चला, सुटले.

सुटले मात्र नाही. खोटं पचलं तर झोप लागते म्हणतात, मला ती लागेना. मी तिसऱ्यांदा गणित सुरू केलं, आणखी बारीक जाळी घेऊन. दिवाळीला कोल्हारला गेलो तेव्हा अण्णांच्या उजव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचत होतं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आणखी एक चांगला आवाज करतेय, सुधारलेला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कर. घाई करू नको," म्हणाले.

दिवाळीनंतर फोन आत्याबाईच घ्यायला लागल्या. अण्णा दुकानात गेलेत, अण्णा जरा आडवे झालेत, अण्णा देवळात गेलेत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी माझ्या गणितात होते. फाल्गुनात गणित शेवटाला गेलं. या वेळी कोसळलं नाही. चुंबकानं आतला भाग आवळला, फिरणं मंदावलं, आणि चुंबकाविना जो तारा वाजतच राहिला होता, तो दीड-दोन सेकंदांत, सूर चढवत चढवत, एकदम गप्प झाला. मी खोलीत एकटीच होते. मला हुंदका फुटला.

अण्णांच्या छातीत तेव्हा पाणी झालं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं. मी सकाळच्या एसटीनं लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन कोल्हारला पोचले. ते पुढच्या खोलीत कॉटवर उशीला टेकून बसले होते. हात काटकुळे झाले होते. मला बघून हसले. मी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, स्पीकर त्यांच्या उजव्या कानाजवळ धरला आणि आवाज सोडला. पडद्यावर लहरीची रेघ उमटत गेली. अण्णा रेघेकडे बघायचे, मग माझ्याकडे, पुन्हा रेघेकडे. रेघ सरळ झाली तसा त्यांनी हात वर केला.

"थांबलं," ते म्हणाले. "आता बराबर. आता चुंबक हाय."

मला राहवलं नाही. मी त्यांचे पाय धरले. खाली मान घालून, मोठ्यानं सगळं सांगून टाकलं, की पहिला आवाज खोटा होता, त्यात चुंबक नव्हतं, मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा. वर बघितलं तर ते मायेनं माझ्याकडे बघत होते. "व्हय, व्हय," म्हणाले. "छान झालं. च्या घे आता." इतक्या सहज माफ केलं त्यांनी! आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. नवऱ्याच्या दुखण्यानं त्यांना भरून आलं असेल, असं मी समजले. परतीच्या एसटीत मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

आठ दिवसांनी अण्णा गेले. पहाटे आत्याबाई पाणी द्यायला गेल्या, तेव्हा सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. सुहास दुकानातल्या लोकांच्या मोटरी ज्याच्या त्याला पोचवायला गेला होता. आत्याबाई अण्णांचं कपाट आवरत होत्या. कानाच्या मशीनचा डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "ह्ये कुना गरजूला दिऊन टाक. नव्यावानी हाय. संक्रांतीपासून त्येंनी लावलंच न्हाई."

"का?"

"काय उपेग? कानच ऱ्हायला न्हवता. ढोल बडिवला आस्ता तरी कळलं नसतं."

मला आधी अर्थच लागेना. मी म्हटलं, "अहो पण फाल्गुनात मी आवाज ऐकवला की त्यांना."

अण्णांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती कमी, हे फक्त आत्याबाईंना माहीत होतं. "काय ऐकनार, पोरी? एक शब्द न्हाई."

मग माझी माफी? मी पाय धरून जे बोलले, मान खाली घालून, तोंडसुद्धा त्यांना दिसत नव्हतं तेव्हा? त्यातलं काही म्हणजे काही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. मी मात्र त्या 'व्हय, व्हय'वर आठ दिवस हलक्या मनानं वावरले होते. मी रडत रडत आत्याबाईंना सगळं सांगितलं, गणपतीतल्या खोट्यापासून.

"त्ये त्येन्ला तवाच कळल्यालं," त्या म्हणाल्या. "त्याच सांजच्याला मला म्हनले, ह्यात चुंबक न्हाई, थांबतंच न्हाई ह्ये. आडचन आसंल तिची. कुनाला बोलू नको. तरी त्यो आवाज येईल त्येला ऐकवत हुते, माज्या सुनंनं केलाय म्हनून."

"मग कान पूर्ण गेले हे तरी मला सांगायचं ना, आत्याबाई!"

"कसं सांगू? शपत घातली हुती. म्हनले, तिला कळलं का कान ग्येले, तर ती काम टाकून दील. तिला पुरं करू दे."

अंगणात कुणाची तरी सायकल येऊन थांबली आणि गेली. मला एकच विचारायचं होतं, शेवटी धीर करून विचारलं. ते 'आता बराबर' म्हणाले, ते मग नुसतं माझं मन राखायला?

आत्याबाईंनी डबा उचलून माझ्या हातात दिला. "तू ग्येल्यावर मीबी त्येन्ला पाटीवर लिवून इचारलं, काय ऐकलं वो तुमी? तर हसले. म्हनले, ऐकलं काई न्हाई. पन पोरीचं तोंड बगितलं. या येळंला काम पुरं करून आलीया ती."